बाटली एक, वाण एक

काळ्याभोर कॅबरने सोव्हिन्याँ द्राक्षाच्या आईबापांपैकी एक जण चक्क पांढरा आहे! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिस इथे कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासून हे घराणं उघड केलं. फ्रान्सच्या बोर्दो भागात काही शतकांपूर्वी काळं कॅबरने फ्राँ आणि पांढरं सोव्हिन्याँ ब्लाँ यांचा आपसूक संकर झाला. कोणी मुद्दाम घडवून आणला नव्हता. त्यातून जे रोप आलं, त्याचे मळे आज चिलीपासून नाशिकपर्यंत पसरले आहेत.

लाल वाइनच्या जगात अशा कुळकथा भरपूर आहेत आणि त्या चाखायला महागडी बाटली लागत नाही. उलट खिशाला परवडणारी, एकाच वाणाची वाइन या कामाला जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे. भारी किमतीच्या वाइनमध्ये ओकच्या नव्या पिंपांचा वास असतो, वर्षानुवर्षांचं मुरणं असतं, अनेकदा दोन-चार वाणांचं मिश्रण असतं. साध्या वाइनमध्ये द्राक्षाचा स्वभाव थेट जिभेवर येतो. चव ओळखायला शिकायचं तर सुरुवात इथूनच करावी.

रंग सालीचा, रस पांढराच

कॅबरनेचा एक मणी बोटांत चिरडून पाहा. बाहेर येणारा रस जवळजवळ पांढरा असतो. लाल वाइनचा सगळा रंग सालीतून येतो. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात आणि त्या काळात साली पुन्हा पुन्हा रसात दाबतात. साली लगेच काढून टाकल्या तर काळ्या द्राक्षाचीही फिकट वाइन होते. शँपेनमध्ये पिनो न्वार हे काळं द्राक्ष सर्रास वापरतात, तरी ती सोनेरी दिसते ती याचमुळे.

काही मोजक्या वाणांचा गरही लाल असतो. पुण्याजवळच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी रसासाठी 'मांजरी मेडिका' नावाचं असंच आतबाहेर रंगलेलं द्राक्ष तयार केलं आहे. त्याचा मणी चिरडला तर बोटं रंगतात.

रंग सालीतून येतो, याच कारणाने वाइनच्या आणि खायच्या द्राक्षांचं गणित एकमेकांच्या अगदी उलट आहे. थॉमसन किंवा सोनाका लावणारा बागायतदार मणी फुगावा म्हणून जीवाचं रान करतो, घड जीए या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी मात्र बारीकच हवा, कारण मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त आणि वाइनला रंग, वास, तुरटपणाही जास्त. बिया असल्या तरी चालतात. साल जाड असली तर उत्तमच.

शिराझ, मिरी आणि नागरमोथा

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चांगल्या शिराझचा वास घेतला की काळ्या मिरीचा भास होतो, असं लोक वर्षानुवर्षं म्हणत आले. बऱ्याच जणांना ही चाखणाऱ्यांची कविकल्पना वाटायची. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की भास वगैरे काही नाही. काळ्या मिरीला तिचा खास वास देणारा रोटंडोन नावाचा पदार्थ शिराझच्या सालीतही असतो. तोच रेणू, मिरीत खूप आणि शिराझमध्ये कणभर. तो कणभर किती? लाल वाइनच्या एका लिटरमध्ये अवघे १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

आता खरी गंमत. हा रेणू मिरीच्या किंवा वाइनच्या कितीतरी आधी नागरमोथ्यात सापडला होता. शेताच्या बांधावर माजणारं तेच तण, ज्याच्या सुगंधी गाठी आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो. नागरमोथ्याच्या तेलावरचा तो शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो लिहिणाऱ्यांत होते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले नामवंत रसायनशास्त्रज्ञ सुख देव. म्हणजे शिराझच्या मिरीचा धागा नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला जाऊन भिडतो!

आणखी एक. ऑस्ट्रेलियातल्या त्या संशोधनात साधारण पाच माणसांमागे एकाला रोटंडोनचा वास अजिबात आला नाही, प्रमाण बरंच वाढवलं तरी. त्यामुळे चार मित्र 'मिरी, मिरी' म्हणत असताना तुम्हाला काहीच जाणवत नसेल तर मुळीच खट्टू होऊ नका. नाकाची घडणच तशी आहे. घरी करून बघण्यासारखा हा प्रयोग आहे. चार-पाच मिरीदाणे खलबत्त्यात जाडसर कुटा, वाटीत घ्या आणि आधी वाटी, मग शिराझचा ग्लास, पुन्हा वाटी असं नाकाशी धरा. कुटलेल्या मिरीत झणझणीतपणाच्या खाली एक लाकडासारखा, कोरडा, किंचित गोडसर वास असतो. ग्लासात शोधायचा तो तोच. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला वाटीतला झणका कळतो, पण ग्लासात तिला फक्त जांभूळ आणि काळी मनुका मिळते. तिची शिराझ आणि माझी शिराझ कायमची वेगळी.

थंड हवेतल्या मळ्यांत रोटंडोन जास्त तयार होतं, म्हणून उष्ण भागातल्या शिराझमध्ये मिरी कमी आणि पिकल्या फळाचा गोडवा जास्त लागतो. हिचं मूळ इराणमधल्या शिराझ शहरात आहे ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. १९९८ मधल्या डीएनए तपासणीने ती निकालात काढली. हिचे आईबाप, म्हणजे काळं द्युरेझा आणि पांढरं माँद्यूझ ब्लाँश, दोघेही आग्नेय फ्रान्सचे. इथेही एक पालक पांढराच!

मर्लो समजून दीडशे वर्षं

२४ नोव्हेंबर १९९४. चिलीतल्या माइपो खोऱ्यात कार्मेन वायनरीच्या मळ्यात ज्याँ-मिशेल बुर्सिको नावाचे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ फिरत होते. मळा मर्लोचा, असं सगळे समजत होते. बुर्सिको एका वेलीपाशी थांबले. तिच्या बारीकशा फुलातले पुंकेसर पीळ पडल्यासारखे वाकडे होते. मर्लोचे पुंकेसर सरळ असतात. ही वेल होती कार्मेनेरची. बोर्दोमध्ये १८६० नंतर फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने मळेच्या मळे झोपवले, त्यात हे वाण जवळपास नाहीसं झालं होतं. चिलीत मात्र ते बोर्दोत कीड येण्याआधीच पोचलं होतं आणि मर्लोच्या गर्दीत मर्लो म्हणूनच वाढत राहिलं.

चिलीच्या मर्लोला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास का येतो, हे कोडंही त्या दिवशी सुटलं. कार्मेनेर पिकायला मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे जास्त घेतं. दोन्ही एकाच वेळी तोडली की निम्मी द्राक्षं कच्ची! ज्या पायराझीन गटातल्या रेणूंमुळे ढोबळी मिरचीला वास येतो, तेच या द्राक्षांतही असतात आणि ऊन खात घड पिकला की कमी होत जातात. आता कार्मेनेर वेगळी ओळखून, वेळ देऊन तोडतात. तिच्या स्वस्तातल्या बाटलीतही तो हिरवा झुळका थोडा उरतोच. मला तो फार आवडतो. भाजलेल्या भाज्यांसोबत तर विशेष.

चिलीच्या शेतकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कॅबरने सोव्हिन्याँ, मर्लो आणि कार्मेनेर ही तिन्ही कॅबरने फ्राँची लेकरं आहेत. भावंडांचे चेहरे सारखे असायचेच.

विद्यापीठाच्या बागेत चार बिया

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश इथले प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी १९२५ मध्ये पिनो न्वार आणि सँसो या वाणांचा संकर केला. पहिलं नाजूक आणि लहरी, दुसरं कणखर आणि भरघोस. हाती आल्या फक्त चार बिया. त्या त्यांनी राहत्या बंगल्याच्या बागेत लावल्या आणि दोन-तीन वर्षांत नोकरी बदलून निघून गेले. रोपं तिथेच राहिली. रान माजलं, तेव्हा बाग साफ करायला माणसं आली. नेमके त्याच वेळी चार्ली निहाउस नावाचे तरुण अध्यापक तिथून सायकलने चालले होते. त्यांना रोपांची गोष्ट माहीत होती. त्यांनी ती वाचवली, अशी हकिकत तिकडे सांगितली जाते. तीच आजची पिनोताज. हे नाव लेबलवर छापलेली पहिली बाटली १९६१ मध्ये बाजारात आली. धुरकट, दमदार, काहींना पहिल्या घोटाला कडवट वाटणारी ही वाइन आहे. दुसऱ्या घोटाआधी मत बनवू नका.

झिनफँडेलची कथा याहून लांबची. कॅलिफोर्नियाने हे द्राक्ष दीडशे वर्षं आपलं म्हणून मिरवलं. पुढे कळलं की इटलीच्या पुलिया भागातलं प्रिमितिव्हो हे तेच. मग कॅरोल मेरेडिथ यांनी क्रोएशियातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने अॅड्रिएटिक किनाऱ्यावर शोध घेतला आणि २००१ मध्ये काश्तेला गावच्या एका जुन्या मळ्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच वेली जुळल्या. मूळ घर तिथे. दुकानात प्रिमितिव्हो आणि झिनफँडेल शेजारी दिसल्या तर दोन्ही घ्या. द्राक्ष एकच, देश दोन. माती, हवा आणि करणाऱ्याचा हात वाइनमध्ये किती फरक पाडतात ते एका संध्याकाळी कळेल.

मालबेक फ्रान्समधून अर्जेंटिनाला गेलं ते १८५३ च्या सुमारास, मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञासोबत. अँडीजच्या पायथ्याशी मेंदोझात बर्फाच्या पाण्यावर ते असं रुजलं की आज मालबेक म्हटलं की आधी अर्जेंटिना आठवतो. मऊ, गडद जांभळी, पहिल्यांदाच लाल वाइन पिणाऱ्याला हमखास रुचणारी. आणि गामे? १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने हे द्राक्ष निकृष्ट ठरवून उपटून टाकायचं फर्मान काढलं. ते दक्षिणेकडे बोजोलेच्या टेकड्यांवर सरकलं आणि तिथे आनंदाने नांदतं आहे.

लेबलवरचं एक नाव

बाटलीवर 'मर्लो' लिहिलं म्हणजे आत शंभर टक्के मर्लोच, असं नाही. युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात किमान ८५ टक्के, अमेरिकेत ७५ टक्के तो वाण असला की कायद्याला पुरतं. उरलेल्यात दुसरं द्राक्ष चालतं. उलट फ्रान्समधल्या बर्गंडीची लाल वाइन बहुतेक वेळा निव्वळ पिनो न्वारची असते, पण लेबलवर गावाचं नाव मोठं आणि द्राक्षाचा पत्ताच नाही. नवशिक्याला म्हणूनच चिली, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या नाशिकच्या बाटल्या सोप्या जातात. द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका. बूच खराब निघून वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, तो धोका त्यात नाही.

आपल्याकडे आयात वाइनवर सीमाशुल्क चढत असल्याने किमतीच्या मानाने नाशिकची शिराझ किंवा कॅबरने जास्त पदरात टाकते. नाशिकच्या हवामानात वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. पीक मात्र एकच. युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, तर आपल्याकडे मण्यांत पाणी उतरून साखर भरते ती जानेवारी ते मार्च. दिवसा ऊन आणि रात्री गारवा हा नाशिकच्या थंडीचा स्वभाव द्राक्षाला मानवतो. गोडी चढते, तरी आंबटपणा पार उडून जात नाही. तोडणीच्या दिवसांत मळ्यात गेलात तर खिशातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजणारे लोक दिसतील. २२ ते २४ ब्रिक्स आलं की लाल वाइनचा माल तयार.

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळ तर इटलीच्या तोस्कानाचं सांजिओवेझे रुजलं आहे. फ्रातेल्ली वायनरीने ते लावलं तेव्हा पिएरो मासी हे तोस्कानाचेच वाइनतज्ज्ञ सोबत होते. निफाडच्या रेव्हेलो वायनरीने सिसिलीचं नेरो द'आव्होला आणलं. उसाच्या आणि कांद्याच्या मुलखात हे वाण तगून आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

किंमत झाका, रंग झाका

चव घेताना सर्वात मोठा अडथळा डोळ्यांचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोतल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून दिली गेली. वर्णन करताना त्यांनी लाल वाइनचे शब्द वापरले, तांबड्या-काळ्या फळांचे. शिकलेली नाकं होती ती!

दुसरा प्रयोग तर एका वाणाच्या लाल वाइनचाच. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून कॅबरने सोव्हिन्याँ पाजली. वाइन पाच आहेत असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात होत्या तीनच. एकच वाइन एकदा ५ डॉलरची म्हणून आली, एकदा ४५ डॉलरची म्हणून. महाग सांगितली तेव्हा ती जास्त आवडली आणि मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही खरोखर जास्त जागा झाला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना सुख खरंच जास्त मिळालं. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकून घेतलेल्या चाचण्यांचा ताळा मांडला गेला. प्रशिक्षण नसलेल्या लोकांना किंमत माहीत नसताना महागडी वाइन जास्त आवडत नव्हती. उलट किंचित कमी आवडत होती.

तर घरी बैठक जमवायची ती अशी. तीन-चार मित्रांनी प्रत्येकी एक बाटली आणायची. सगळ्या एका वाणाच्या, किंवा प्रत्येकीचा वाण वेगळा. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक घालायचे. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला लाल वाइन देऊ नका. तो सल्ला थंड दगडी घरांचा आहे. १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे मे महिन्यात आधी अर्धा तास तरी फ्रीज. ग्लासात दोन-तीन बोटंच ओता, पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहा. तरुण मालबेक कडेलाही जांभळी, पिनो न्वार इतकी पातळ की मागची अक्षरं वाचता येतात. काचेवरून ओघळणाऱ्या धारांवरून प्रत ठरवू नका. त्या अल्कोहोल उडून जाण्यातून येतात, हे जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच समजावलं आहे. मग ग्लास फिरवून वास घ्या, घोट तोंडात घोळवा. बऱ्याच बाटल्या असतील तर घोट भांड्यात थुंकून टाका, व्यावसायिक चाखणारेही तसंच करतात आणि शेवटच्या बाटलीपर्यंत जीभ शाबूत राहते.

तोंड आवळून येतं ते टॅनिनमुळे. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी पडते. सुपारीने येतो तोच तुरटपणा. चरबी आणि प्रथिनं असलेला घास सोबत असेल तर टॅनिन मवाळ होतं, म्हणून कॅबरनेला मटण किंवा जुनं चीज मानवतं. टोमॅटोच्या आंबट भाजीला सांजिओवेझे, वांग्याच्या भरताला मर्लो, मिरी लावून भाजलेल्या कबाबाला शिराझ. ठेचा मात्र लांब ठेवा. अल्कोहोल आणि टॅनिन मिळून मिरचीची आग भडकवतात, आणि वाइन व ठेचा दोघांचीही चव मातीमोल होते.

उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती फ्रीजमध्ये ठेवा, लाल असली तरी. तीन-चार दिवस ती ठीक राहते. दुसऱ्या संध्याकाळी त्याच बाटलीतला एक घोट घेऊन कालच्या टिपणाशेजारी नवं टिपण लिहा. तरुण शिराझ आणि कॅबरने हवा लागून बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जास्त खुलतात, पिनो न्वार मात्र लवकर मलूल होते. म्हणून तिची बाटली पहिल्याच दिवशी संपवा.